जागा वाढवल्या, पण शेजारी बसणार कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

ओपीडीतला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. चौथ्या केमोसाठी एक बाई आल्या आहेत. शिकाऊ डॉक्टरनं फाईल उघडलीय. उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढलं, त्यावरून औषधाचा डोस काढला. गणित बरोबर आहे, रक्तातले काउंटही ठीक आहेत. तो सही करणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या सीनियर डॉक्टर सहज विचारतात, "सकाळी कपड्यांची बटणं तुमची तुम्हीच लावता ना?" बाई म्हणतात, "नाही हो, आता मुलगी लावते. बोटांना बटण लागतच नाही."

सही थांबते. औषधानं हातांच्या नसा बधिर व्हायला लागल्यात. डोस कमी करायचा की औषधच बदलायचं, यावर मग दहा मिनिटं बोलणं होतं.

अशा औषधांनी नसांना त्रास होतो हे पुस्तकात आहे, त्या मुलानं ते परीक्षेत लिहिलंही असेल. पण 'हातपाय बधिर होतात का?' असं विचारलं की बरेच रुग्ण 'नाही' म्हणून मोकळे होतात. उपचार थांबतील अशी धास्ती असते. तेव्हा बटणाचं विचारायचं असतं, हे कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकता येतं. कर्करोगतज्ज्ञ कमी आहेत, हे आपण नेहमी ऐकतो. मला आज बोलायचंय ते या शेजारच्या खुर्चीबद्दल.

आधी थोडे आकडे. २०२२ मध्ये जगात कर्करोगाचे सुमारे २ कोटी नवे रुग्ण नोंदले गेले. २०५० पर्यंत दरवर्षीचा हा आकडा साडेतीन कोटींवर जाईल असा अंदाज आहे. २०१९ च्या एका अभ्यासानुसार केमोची गरज असलेले रुग्ण २०१८ मध्ये ९८ लाख होते, ते २०४० मध्ये दीड कोटी होतील. त्यांच्यासाठी लागणारे डॉक्टर ६५ हजारांवरून १ लाखावर न्यावे लागतील. एका डॉक्टरकडे वर्षाला दीडशे नवे रुग्ण, असा तो हिशोब आहे. दीडशे म्हणजे आठवड्याला तीनच, असं वाटेल. पण जुने रुग्ण जातात कुठे? २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आलं आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगू लागले. आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र ते दर काही महिन्यांनी तपासणीला येतात आणि त्यांना बघायला डॉक्टर लागतो. उपचार जितके यशस्वी, तितकी ओपीडी लांबते.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ मध्येच मांडणी केली होती: २००५ ते २०२० या काळात गरज ४८ टक्क्यांनी वाढेल, पुरवठा जेमतेम १४ टक्क्यांनी. अडीच ते चार हजार तज्ज्ञ कमी पडतील, असा तो अंदाज होता. पंधरा वर्षं पुढचं बघावं लागलं, कारण हे पीक लवकर येत नाही. वैद्यकीय पदवी, मग जनरल मेडिसिनची साधारण तीन वर्षं, त्यानंतर कर्करोगाची दोन-तीन वर्षं. आज पदवीला बसलेला विद्यार्थी स्वतंत्रपणे रुग्ण बघू लागेपर्यंत दशक उलटतं.

मग प्रशिक्षणाच्या जागा वाढवा, हे उत्तर सोपं वाटतं. जागा म्हणजे अर्थातच पैसा. अमेरिकेत १९९७ च्या कायद्यानं सरकारी पैशावर चालणाऱ्या रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या जागांना मर्यादा घातली आणि बहुतेक रुग्णालयांतल्या अशा जागांची संख्या १९९६ च्या पातळीवर अडकली. पण पैसा आला तरी गाडी दुसऱ्या फाटकावर थांबते. शिकाऊ डॉक्टर पहिल्या वर्षी काम कमी करत नाही, वाढवतो. त्याचा प्रत्येक निर्णय कुणीतरी पुन्हा बघायचा असतो. आणि ज्याच्याकडे ओपीडी तुंबलेली आहे, त्याच्याच गळ्यात ही शिकवणी पडते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या जवळपास ४५ टक्के कर्करोगतज्ज्ञांमध्ये कामाच्या थकव्याची लक्षणं आढळली. थकलेला माणूस रुग्ण टाळत नाही, शिकवणं टाळतो. बटणाचा प्रश्न तो स्वतः विचारतो, डोस बदलतो आणि पुढची फाईल घेतो. मुलाला कळतही नाही काय झालं ते.

युगांडाची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. कंपालाची कर्करोग संस्था १९६७ ची. लहान मुलांच्या जबड्यात वेगानं वाढणाऱ्या बर्किट लिम्फोमावर तिथे केमोचं इतकं चांगलं काम झालं की वैद्यकीय संशोधनासाठीच्या १९७२ च्या लास्कर पुरस्कारात त्याचा सन्मान झाला. पुढे देशात राजकीय उलथापालथ झाली, परदेशी डॉक्टर निघून गेले. इमारत राहिली, खाटा राहिल्या, रुग्ण तर राहिलेच. या शतकाच्या सुरुवातीला डॉ. जॅक्सन ओरेम हे कित्येक वर्षं देशातले एकमेव कर्करोगतज्ज्ञ होते. अख्ख्या देशात एक! मग अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्राशी करार झाला, युगांडाचे डॉक्टर तिकडे शिकून परत येऊ लागले. मुलांच्या कर्करोगाचं प्रशिक्षण पुढे कंपालातच सुरू झालं. शिकवणारी पिढी एकदा तुटली की ती पुन्हा उभी करायला किती काळ लागतो, ते इथे दिसतं.

तोवर रुग्णांनी थांबायचं का? रवांडातल्या बुटारो इथे २०१२ मध्ये कर्करोग केंद्र उघडलं, तेव्हा तिथे कर्करोगतज्ज्ञ नव्हता. फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ लेखी नियमावली समोर ठेवून केमो देत आणि अवघड केसची चर्चा बोस्टनच्या तज्ज्ञांशी दुरून करत. काही जणांना हे धोक्याचं वाटतं. मला वाटतं, धोका कुठे आहे हे आधी नीट बघावं. व्हिंक्रिस्टिन हे केमोचं औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं. चुकून मणक्यातल्या द्रवात गेलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही, आणि अशा चुका मोठमोठ्या रुग्णालयांतही झाल्या आहेत. त्यावरचा उपाय अगदी साधा निघाला: हे औषध सिरिंजमध्ये भरायचंच नाही, सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यायचं. पिशवी मणक्याच्या सुईला कुणी चुकून जोडत नाही. म्हणजे काही गोष्टी नियमावलीवर आणि प्रशिक्षित नर्सवर निर्धास्त सोपवता येतात. तज्ज्ञाचा जो वेळ त्यातून सुटेल, तो मात्र पुन्हा ओपीडीनं गिळता कामा नये.

त्यामुळे कुठे प्रशिक्षणाच्या नव्या जागा जाहीर झाल्या की मी एवढंच विचारतो: शिकवणाऱ्या सीनियरच्या ओपीडीतले रुग्ण त्या दिवशी किती कमी केले? तो आकडा ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलेला हवा. शून्य असेल, तर शून्य लिहा.

नमस्कार.