एकावर सहा शून्ये

लिनक्स कर्नलमधल्या (लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यातल्या) एखाद्या जुन्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एखादे उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये, वेळेचा हिशेब वाचू लागले, की ‘भागिले १००००००’ अशी ओळ बहुधा भेटते. एका सेकंदात दहा लाख मायक्रोसेकंद असतात आणि एका मिलिसेकंदात नॅनोसेकंदही दहा लाखच असतात. त्यामुळे उत्तर सेकंदांत आले की मिलिसेकंदांत, हे नुसत्या आकड्यावरून कळायला मार्ग नसतो. त्याऐवजी ‘एनसेक_पर_एमसेक’ (एका मिलिसेकंदातले नॅनोसेकंद) हे त्याच आकड्याला कर्नलमध्ये दिलेले नाव लिहिले, की दोन्ही एकके त्या ओळीतच दिसतात.

हा बदल वरवर यांत्रिक वाटतो, कारण नाव अचूक निवडले तर तयार होणारा मशीन कोड बहुधा तोच राहतो. खरे कष्ट नाव निवडण्याचे आहेत. ज्याला भागायचे ते मूल्य कुठून आले, हे मागे मागे जाऊन पाहावे लागते, आणि कधी असे आढळते, की ते दहा लाख वेळेचे नसून हर्ट्झचे मेगाहर्ट्झ करण्यासाठी आहेत. तिथे वेळेचे नाव देणे म्हणजे पुढच्या वाचकाची दिशाभूल करणे होय, आणि ती उघड्या आकड्यापेक्षा वाईट.

एक सापळा तर नावाच्या आतच आहे. ‘एनसेक_पर_सेक’ (एका सेकंदातले नॅनोसेकंद) म्हणजे एक अब्ज, पण त्याचा प्रकार ‘लाँग’ हा पूर्णांकांचा प्रकार आहे. ३२-बिट यंत्रावर लाँगमध्ये २१४७४८३६४७ पर्यंतच संख्या मावते. म्हणून तीन सेकंदांचे नॅनोसेकंद काढण्यासाठी त्याला तिनाने गुणले, की गुणाकार ओव्हरफ्लो होतो, म्हणजे उत्तर त्या मर्यादेत मावत नाही. आधीच्या ओळीत उघड्या आकड्यापुढे ‘यूएलएल’ (आकडा ६४-बिट धरण्याची खूण) असेल, तर ती ओळ बरोबर चालत होती. ती नीटनेटकी करण्याच्या नादात बिघडते, आणि ६४-बिट यंत्रावर चाचणी घेणाऱ्याला ते दिसतही नाही. गुणण्याआधी ‘यू६४’ या ६४-बिट प्रकारात रूपांतर केले, की गुणाकार पुन्हा बरोबर येतो.

सेकंदातले नॅनोसेकंद निदान कायम तेवढेच राहतात. कर्नलच्या टायमरच्या टिकांचे (ठरावीक अंतराने पडणाऱ्या ठोक्यांचे) तसे नाही; एका सेकंदात त्या किती, हे ‘एचझेड’ या नावाने सांगितले जाते. इंटेलच्या ३२-बिट यंत्रांवर ‘एचझेड’ पूर्वी १०० होता, २.६ मालिकेत तो १००० झाला आणि २००५ मधल्या २.६.१३ आवृत्तीपासून तो निवडता येऊ लागला, मूळ निवड २५० ठेवून. एक सेकंद थांबण्यासाठी ज्यांनी ‘शेड्यूल_टाइमआउट’ला (टिकांत मोजून थांबवणाऱ्या फंक्शनला) १०० हा आकडा दिला होता, त्यांचा सेकंद आधी १०० मिलिसेकंदांवर आला आणि नंतर ४०० वर गेला. ज्यांनी तिथे ‘एचझेड’ असे लिहिले होते, त्यांच्या कोडला हातही लावावा लागला नाही.