मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे

(दृश्य: शाळेची घंटा. पटांगणात धावणारी मुलं.)

दक्षिण तैवानमधली एक प्राथमिक शाळा. इथे सुट्टी झाली की वर्गात कुणी थांबायचं नाही. खेळा, गप्पा मारा, नुसते उभे राहा, पण बाहेर.

नेत्रतज्ज्ञ वू पेइ-चांग यांनी एक वर्षानंतर मुलांचे डोळे तपासले. या शाळेत नव्याने मायनस नंबर लागलेली मुलं निघाली सुमारे ८ टक्के. जवळच्या दुसऱ्या शाळेत सुट्ट्या नेहमीसारख्याच होत्या. तिथे जवळजवळ १८. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ना औषध, ना डोळ्यांचे व्यायाम.

(दृश्य: डोळ्याची आकृती.)

मायनस नंबर म्हणजे बहुतेकदा मागच्या बाजूने लांबलेला डोळा. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि फळा धूसर दिसतो. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे साधारण अडीच-तीन नंबर! भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचं रसायन जास्त तयार होतं आणि ते या लांबण्याला आवर घालतं, असं संशोधक मानतात. उजेड मोजतात लक्समध्ये. वर्गात तो असतो तीनशे ते पाचशे लक्स. बाहेर उन्हात दहा हजारांच्या वर, आणि झाडाच्या सावलीतही बहुधा हजाराच्या पुढे. म्हणजे मुलाला उन्हात तापवायची गरज नाही. टोपी घातली तरी चालेल.

तैवानने २०१० पासून देशभरातल्या शाळांना रोज १२० मिनिटं बाहेर असं उद्दिष्ट दिलं. नजर कमी असलेल्या प्राथमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं चढत होतं. ते पन्नास टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि मग उतरू लागलं. २०१५ मध्ये सुमारे ४६. अजूनही फार आहे, पण दिशा बदलली.

नंबर एकदा लागला की मात्र नुसतं पटांगण पुरत नाही. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी तीव्रतेचे ॲट्रोपीनचे थेंब किंवा खास भिंगांचे चष्मे. आपल्याकडे ‘डोळ्यांना सवय लागेल’ म्हणून मुद्दाम कमी नंबरचा चष्मा मागणारे पालक भेटतात. मलेशियात हेच करून पाहिलं, तेव्हा नंबर उलट जास्त वेगाने वाढला.

पुढे लेझरने चष्मा जातो, खरं आहे. पण ते काम डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर होतं. मागे ताणलेला पडदा तसाच राहतो, त्यामुळे मोठा नंबर असलेल्याने चष्मा सुटल्यावरही पडद्याची तपासणी चालूच ठेवायची असते.