ताठ चिमटा मऊ चालतो

(पुण्यातल्या सायकलस्वारांच्या एका मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

‘फोर्क बदलायचाय, जरा कडक सुचवा,’ असं म्हणत महिन्याला दोघं-तिघं तरी माझ्याकडे येतात. फोर्क म्हणजे सायकलचं पुढचं चाक धरणारा दोन पायांचा चिमटा; त्यात धक्के झेलणारी स्प्रिंग असते, म्हणून त्यालाच शॉकअपही म्हणतात. मी विचारतो, कडक म्हणजे नक्की काय? इथेच गाडी अडते. ‘कडक’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. स्प्रिंग कडक असणं ही एक. चिमटा ताठ असणं ही दुसरी. स्प्रिंगचा संबंध फक्त दबण्याशी. ताठपणा म्हणजे मागे न वाकणं, कडेला न झुकणं, पिळवटून न जाणं. शॉकअपने हलावं ते नळीच्या रेषेत, बाकी सगळीकडे गप्प बसावं.

घरातल्या जुन्या लाकडी टेबलाचा खण आठवा. मधोमध धरून ओढला तर सुळकन बाहेर येतो. एका कोपऱ्याला धरून ओढा, तिरका होऊन अडकतो. मग आपण हिसका देतो आणि आतली सगळी बटणं जमिनीवर. शॉकअपच्या आत हेच होतं. वरच्या नळ्या खालच्या नळकांड्यांतल्या बुशमध्ये, म्हणजे नळीला धरून ठेवणाऱ्या कड्यांमध्ये, सरकतात. चिमटा वाकला की नळी बुशमध्ये तिरकी होते, घासते, अडते. नेमका दगड आला तेव्हा शॉकअप दबतच नाही आणि धक्का थेट मनगटात येतो. स्वाराला वाटतं, फारच कडक आहे. तो शॉकअपमधली, स्प्रिंगचं काम करणारी हवा कमी करतो. आता शॉकअप पुढे आणखी बसतं, उतारावर सगळं वजन हँडलवर येतं, चिमटा आणखी वाकतो. माझं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलं. शाफ्ट तिरका धरून वरून जोर लावणाऱ्या पोराला आम्ही काय म्हणायचो, ते इथे सांगण्यासारखं नाही.

म्हणून मी उलटं सांगतो: ताठ चिमटा मऊ चालतो. तो वाकत नाही म्हणून बुश मोकळे राहतात, आणि मग स्प्रिंग बेताची ठेवूनही चालते.

वेताळ टेकडीवरून खाणीच्या अंगाने उतरताना बघा. खाली काळा कातळ, वर सुटा मुरूम. मुरूम पायाखाली छर्ऱ्यांसारखा सरकतो, म्हणून हात सारखा पुढच्या ब्रेकवर. (सकाळी फिरायला येणारी आजी-आजोबा मंडळी वाटेत असतात, तेव्हा ब्रेकवर हात असलेलाच बरा.) डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटीत धरणारा भाग, असतो चिमट्याच्या डाव्या पायावर. ब्रेक दाबला की सगळा जोर एकाच पायावर येतो आणि चिमटा पिळवटतो. तुम्ही हँडल सरळ धरलंय, चाक मात्र किंचित भलतीकडे बघतंय. स्वार ऐंशी-नव्वद किलोचा असेल तर हे हाताला स्पष्ट कळतं.

आता नळ्यांचं गणित. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला, तर वाकण्याला होणारा विरोध साधारण व्यासाच्या घनाने वाढतो. ३२ मिमीच्या जागी ३६ आली म्हणजे फरक फक्त ४ मिमीचा, पण ताठपणा ४० टक्क्यांच्या वर वाढतो. १९९० साली अमेरिकेत ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. ती गाजवणाऱ्या, रॉकशॉक्स कंपनीच्या शॉकअपच्या नळ्या जेमतेम इंचभर जाडीच्या होत्या. २०२० मध्ये फॉक्स आणि रॉकशॉक्स या दोन्ही कंपन्यांनी ३८ मिमीचे फोर्क आणले. उतार तेच, पण वेग, ब्रेक आणि चाकाचा आकार वाढत गेला, तशा नळ्या जाड झाल्या.

पण नुसता आकडा बघून भुलू नका. स्वस्त सायकलींवर जे २८ किंवा ३० मिमीचे फोर्क येतात, त्यांच्या नळ्या बऱ्याचदा पोलादी असतात, आणि पोलाद अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ. मग ते का लुळे वाटतात? एकतर नळी बारीक. दुसरं, बुश सैल. आणि तिसरं, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, तो एक्सल, म्हणजे चाकाच्या मधोमधचा दांडा. खाली दोन पायांना बांधून ठेवणारी वस्तू फक्त दोन: टायरवरची कमान आणि एक्सल. क्विक रिलीजमध्ये उघड्या खाचेत बारीक दांडी चिमटीत धरलेली असते. १५ मिमीचा थ्रू एक्सल दोन्ही पायांतून आरपार जातो आणि आवळला की दोघं एक होतात. मला निवडायला सांगितलं तर क्विक रिलीजवाल्या जाड नळ्यांपेक्षा थ्रू एक्सलवाल्या ३२ मिमीला मी आधी हात लावीन.

खर्च करायच्या आधी मात्र घरी एक काम करा. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट हँडलखालच्या बेअरिंगच्या सांध्यावर ठेवा. तिथे टकटक लागली तर हेडसेट सैल आहे, पाच मिनिटांचं काम. मग बोट नळी जिथे आत शिरते त्या रबरी सीलवर ठेवा. तिथे लागली तर बुश गेलेत. मागे एक ब्याण्णव किलोचा तरुण महागडा फोर्क घ्यायला निघाला होता. त्याच्या पुढच्या चाकाचे आरे मी चिमटीत दाबून पाहिले, तर सतारीच्या सुटलेल्या तारा! आरे आवळले आणि त्याची निम्मी तक्रार गेली. उरलेली निम्मी खरी होती, हेही सांगतो. पुढे त्याने फोर्क घेतलाच.

आणि प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, ती निळी-काळी फिरकी. ती फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग कुठून दबायला लागते, तेवढंच बदलतं. ताठपणाशी तर तिचा काडीचा संबंध नाही.

नवा फोर्क बसेल का, हे चार मापांवर ठरतं. चाकाचा हब (मधला भाग) १०० मिमी रुंदीचा की ११० चा, ज्याला बूस्ट म्हणतात, फ्रेमच्या डोक्याची नळी फोर्कचा निमुळता स्टीअरर (वर आत जाणारी नळी) घेते का, चाकाचा आकार, आणि एक्सलपासून क्राउनपर्यंतची, म्हणजे दोन पाय वर जोडणाऱ्या भागापर्यंतची उंची. ही उंची २० मिमीने वाढली की हेड अँगल, म्हणजे चिमट्याचा जमिनीशी असलेला कोन, साधारण एका अंशाने पडतो, चढावर पुढचं चाक भटकायला लागतं. म्हणजे १०० मिमी ट्रॅव्हलच्या (शॉकअप जास्तीत जास्त जितकं दबतं तेवढ्या मापाच्या) फ्रेमवर १४० चा फोर्क चढवून सायकल ताठ होत नाही, बिघडते. शिवाय फ्रेमच्या डोक्यावर लांब तरफेचा ताण येतो, तो वेगळाच.

टेकड्या, सिंहगडाच्या पायथ्याच्या पायवाटा, अधूनमधून मुळशीकडे, एवढंच तुमचं फिरणं असेल आणि वजन सत्तर-ऐंशीच्या वर असेल, तर १२० ते १३० मिमी ट्रॅव्हलचा, ३४ किंवा ३५ मिमी नळ्यांचा, थ्रू एक्सलवाला फोर्क घ्या. अर्थात फ्रेम तेवढ्याची असेल तर. पंचावन्न किलोच्या मुलीने ३८ मिमीचा घेऊ नये. सुट्या दगडांत चाकाला जरासं कडेने सावरून घ्यायला वाव लागतो. फार ताठ चिमट्यावर ते प्रत्येक दगडाला टक्कर देत उडतं. वर ते जादा वजन टेकडी चढवायचं तिनेच.

बसवल्यावर सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉकअप किती बसतं, ते मोजा. नळीवर रबरी रिंग असते. नसेल तर झिपटाय बांधा. नेहमीच्या कपड्यांत, पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन पेडलवर उभे राहा, रिंग सीलपर्यंत खाली सरकवा, हलक्याने उतरा. १२० मिमीला २४ मिमी म्हणजे वीस टक्के, तिथून सुरुवात करा. शॉक पंप माझ्या पिशवीत आहे. ज्यांनी सायकली खाली लावल्यात त्यांनी चहा घेऊन गेटपाशी या, पण एकेक करून. पंप एकच आहे.