दोन भिंतींच्या आड

(दृश्य : सकाळ. जुनी बहुमजली इमारत, निम्म्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं.)

ही खिडकी बघा. काच नाही, प्लायवूड आहे. शेजारचीही तशीच. नवी काच बसवावी, तर ती पुन्हा फुटणार. न बसवावी, तर भर दुपारी घरात दिवा लावायचा, आणि विजेचा तर पत्ता नसतो.

हे खारकीव्ह. युक्रेनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, युद्धाआधीची वस्ती 14 लाखांच्या घरात. रशियाची हद्द इथून साधारण 30 किलोमीटर. ठाण्याहून सीएसएमटी गाठायला जेवढं अंतर पडतं, जवळजवळ तेवढंच. म्हणून इथे भोंग्याचा भरवसा नाही. क्षेपणास्त्र मिनिटभरात येतं. कित्येकदा धमाका आधी होतो, भोंगा मागाहून वाजतो.

तळघर गाठायला वेळच नसतो. मग दोन भिंतींचा नियम. बाहेरची भिंत स्फोट झेलते, आतली काचा आणि तुकडे अडवते. अशी जागा घरात बहुधा एकच असते, मधला पॅसेज. रात्री गाद्या तिथेच पडतात.

रात्री ड्रोन येतात. फटफटणाऱ्या इंजिनामुळे लोक त्यांना 'मोपेड' म्हणतात. मोपेड आली, मोपेड गेली. माणूस कशालाही घरगुती नाव देऊ शकतो.

(दृश्य : भुयारी मेट्रोचा जिना. पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं खाली उतरताहेत.)

24 फेब्रुवारी 2022. रशियाचा हल्ला सुरू झाला. मेट्रोच्या गाड्या थांबल्या आणि फलाटांवर, डब्यांत माणसं राहायला आली. याच शहरात आपल्याकडची मुलंही होती, डॉक्टर व्हायला आलेली. 2 मार्चला भारतीय दूतावासाचा निरोप आला : शहर सोडा, वाहन नसेल तर पायी निघा.

गाड्या मे महिन्यात पुन्हा धावू लागल्या. तिकीट मात्र तेव्हापासून नाही.

आणि सप्टेंबर 2023 मध्ये स्थानकांतच शाळा भरली. पाच स्थानकं, साठेक वर्ग, हजाराहून जास्त मुलं. पाढे चालू असतात आणि पलीकडून गाडी जाते. आधी करोना, मग युद्ध. यातल्या कितीतरी मुलांनी शाळा फक्त पडद्यावर पाहिलेली. बाकावर शेजारी कुणीतरी बसलंय, त्याची पेन्सिल मागता येते, याचंच अप्रूप! मे 2024 मध्ये तर जमिनीखाली खास बांधलेली शाळा सुरू झाली. तिला खिडक्याच नाहीत.

त्याच महिन्यात, 23 तारखेला, एका मोठ्या छापखान्यावर क्षेपणास्त्रं पडली. सात जण गेले. पुस्तकांचे गठ्ठे जळून काळे झाले.

(दृश्य : पहाट. रस्त्यावर काचा झाडण्याचा आवाज. निवेदन थोडं थांबून.)

रात्री याच गल्लीत काहीतरी पडलं. उजाडायच्या आत झाडूवाले हजर आहेत. कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान उघडलंय, जनरेटर फुटपाथवर घरघरतोय. वर तिसऱ्या मजल्यावर एक बाई टेप धरून चौकट मोजतेय.