ताटात उरलेलं

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात माझी मेस आहे. कॉलेजची मुलं, नोकरीला नुकती लागलेली पोरं-पोरी, एकटे राहणारे दोन-तीन आजोबा, असे माझे मेंबर. लोक काय खातात हे हॉटेलवाल्याला बिलावरून कळतं. काय खात नाहीत हे आम्हा मेसवाल्यांना कळतं, कारण आमच्याकडे ताट परत येतं आणि घासायला टाकण्याआधी आम्ही ते बघतो. त्यात बाजूला सारलेलं काय आहे, ते का सारलं असेल, हा माझा जुना चाळा आहे. आज त्याच 'नको'बद्दल बोलते.

सुरुवात शेपूपासूनच करायला हवी. महाराष्ट्रात नावडत्या भाज्यांची निवडणूक घेतली तर शेपू बिनविरोध निवडून येईल. आमच्या फळ्यावर 'शेपू' लिहिलं की त्या दिवशी खाडे वाढतात. एकदा मी नुसतं 'पालेभाजी' असं लिहिलं, तर पोरं वासावरूनच जिन्यातून परत फिरली. शेपूचा दोष एवढाच की ती जेवण झाल्यावरही पिच्छा सोडत नाही, संध्याकाळपर्यंत ढेकरेत तीच. आणि ज्यांना आवडते त्यांना मुगाची डाळ घालून, लसूण सढळ हाताने घालून केलेली शेपू द्या, वर गरम भाकरी द्या, ते दुसरं काही मागणार नाहीत. शेपूच्या बाबतीत मधली माणसंच नाहीत.

आपण याला नखरे म्हणतो. पण माझ्याकडे बायोटेक शिकणारी एक मुलगी जेवायला येते, तिने मला एक गोष्ट सांगितली आणि मग मी ती शोधून वाचली. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक पूड बाटलीत भरत होते. पीटीसी तिचं नाव. थोडी पूड हवेत उडाली. शेजारी काम करणारा सहकारी तोंड वाकडं करून म्हणाला, काय हे, कडूजहर! फॉक्सना तर काहीच चव लागत नव्हती. दोघांनी मुद्दाम चाखून पाहिली, तरी तेच. मग इतरांना चाखायला दिली. काहींना ती कडू लागे, काहींना खडूसारखी बेचव. हा फरक आईबापांकडून येतो हे पुढे कळलं, आणि २००३ साली त्यामागचं जनुकही सापडलं. ज्यांना ती पूड कडू लागते, त्यांना कोबी, मुळा अशा मोहरीच्या कुळातल्या भाज्यांमधला कडवटपणाही बहुधा जास्त जाणवतो. म्हणजे एकाच कढईतली कोबीची भाजी दोन मेंबरांच्या तोंडात दोन चवींची असू शकते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

कारल्याचं मात्र वेगळं आहे. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. त्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांचा, त्यामुळे कोबीला नाक मुरडणारा मुलगा कारल्याच्या काचऱ्या मिटक्या मारत खातो, असंही मी बघितलं आहे.

कोथिंबिरीचंही असंच. काही माणसांना ती साबणासारखी लागते. हिरव्या कोथिंबिरीत ज्या जातीची वासाची द्रव्यं असतात, तशीच साबणातही असतात, आणि काहींचं नाक ती फार चटकन पकडतं. टोरोंटोमध्ये वेगवेगळ्या वंशांच्या तरुणांना विचारलं, तेव्हा पूर्व आशियाई घरांतल्या शंभरांपैकी २१ जणांना कोथिंबीर नको होती. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई घरांतले नकोवाले होते फक्त ७. आपलं बालपणच कोथिंबिरीत गेलेलं. भाजीवाल्याने वर चार काड्या फुकट टाकल्या नाहीत तर आपण भांडतो!

पण जिभेवर आणि नाकावर सगळं ढकलता येत नाही. पोटालाही स्मरणशक्ती असते, आणि ती फार दीर्घद्वेषी असते. अळूचं फदफदं घ्या. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून तर आपल्या आज्या चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय अळू चुलीवर चढवत नसत. पण कोणाकडे घाईत कच्चट राहिलेलं फदफदं एकदा खाल्लं, घसा खाजला, की तो माणूस पुढे लग्नाच्या पंगतीतही अळूला हात लावत नाही.

याचाही अभ्यास झालेला आहे. १९५५ साली जॉन गार्सिया यांनी उंदरांना साखरीन घातलेलं गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी त्यांच्यावर किरणांचा मारा केला, ज्याने त्यांना मळमळायला लागलं. पुढे तेच उंदीर गोड पाण्याकडे पाठ फिरवू लागले. पाण्याचा काही दोष नव्हता. पुढच्या प्रयोगांतून दिसलं की खाणं आणि मळमळणं यांत काही तासांचं अंतर असलं तरी, आणि हे एकदाच घडलं तरी, ती चव नकोशी होते. माझ्याकडे एक मुलगा पनीर खात नाही. कावीळ अंगात असताना, निदान व्हायच्या आदल्या रात्री, त्याने पनीरची भाजी खाल्ली होती. कावीळ पनीरमुळे झाली नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो फार्मसी शिकतो! पण पोट काही फार्मसी शिकलेलं नाही.

आता एक पोटाच्याही पलीकडची आठवण. हल्ली नाचणीला चांगले दिवस आलेत, म्हणून मी आठवड्यातून एकदा नाचणीची भाकरी करते. तरुण पोरं खूश. मराठवाड्यातून आलेले एक आजोबा मात्र ती ताटाच्या कडेला सरकवून नुसता भात खातात. कारण विचारलं तर म्हणाले, "मिलोसारखी दिसती ओ."

तरुण श्रोत्यांसाठी सांगते. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात अमेरिकेतली लाल ज्वारी खायची वेळ आली. तिचं नाव मिलो. आपल्या शाळूची भाकरी पांढरी, मऊ, पदर सुटणारी. मिलोची लालसर, आणि आपल्या चवीची नव्हे. दिवसभर कामावर खडी फोडायची, तिथे सुकडी मिळायची ती खायची, आणि घरी आल्यावर ही भाकरी. त्यातच कोणीतरी सांगायचं, अमेरिकेत हे धान्य जनावरांना घालतात. सांगणारा खोटं बोलत नव्हता, तिकडे ज्वारी मुख्यतः पशुखाद्यच. पोट भरलं हे खरं, मिलो नसती तर काय झालं असतं हेही आजोबा स्वतःच बोलून दाखवतात. पण ते खाताना जे मनाला लागलं, ते त्या रंगाला चिकटून राहिलं. नाचणीचा बिचारीचा अपराध एवढाच की ती रंगाने लाल आहे. मी आता त्यांच्यासाठी त्या दिवशी दोन ज्वारीच्या भाकऱ्या वेगळ्या टाकते.

काही 'नको' पंचांग बघून येतात, आणि ते आम्हा मेसवाल्यांना सगळ्यात सोयीचे, कारण आधी कळतात. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, कांद्याचा झुणका, कारण दोन दिवसांनी आषाढी एकादशी आणि मग चातुर्मास. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा, लसूण, वांगं बंद. वांगं परत येतं ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. म्हणजे हे 'नको' वांग्याच्या प्रेमात असलेल्या माणसांचं आहे. इतके महिने दूर ठेवतात आणि मग भरिताच्या परातीवर तुटून पडतात.

उपासाचं गणित मला अजून सुटलेलं नाही. गहू नको, ज्वारी नको, पण साबुदाणा हवा. तो ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, रताळंही तिकडचं. एकादशीचं ताट म्हणजे समुद्रापलीकडून आलेली सगळी मंडळी, आणि इथलं जुनं धान्य ताटाबाहेर. वरी तर सरळसरळ तृणधान्य, पण ती चालते. कोणी ठरवलं? कोणाच्या तरी आजीने. आणि आजीच्या निकालावर अपील नसतं.

इथवर सगळं गमतीचं झालं. पण नावडतीचं मीठ अळणी अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि खाण्यातले फार मोठे 'नको' त्या म्हणीतले आहेत. तिथे पदार्थाला काही झालेलं नसतं. वाढणारा हात नको असतो.

आमच्या पुण्यातलंच उदाहरण आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाचं बोलावणं गेलं. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी, त्यांचा यात हात होता. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी बाजूला ठेवली. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात पोचवली आणि पुण्यात हलकल्लोळ माजला. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून त्यांच्या सुधारक मित्रांचे बोल ऐकले. तोच चहा स्वतःच्या घरी प्यायला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. आज त्याच पुण्यात अमृततुल्यसमोर उभा राहणारा माणूस आधण कोणी ठेवलं हे विचारतो का?

पावाचंही तेच. पाव फुगवायला गोव्याकडे माडाची सूर वापरत, भट्टीवाले ख्रिस्ती किंवा मुसलमान, म्हणून जुन्या सोवळ्या घरांत पाव यायचा नाही. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी वसईकडे आणि गोव्यात अजून सांगतात. आणि आता वडापावाशिवाय मुंबईचं पान हलत नाही.

पण चहा आणि पाव सुटले म्हणून हा रोग गेला असं समजू नका. भाड्याने घर बघायला गेलेल्या माझ्या एका मेंबराला घरमालकाने पहिला प्रश्न विचारला, "मासे खाता का?" पोरगा रत्नागिरीचा. आता रत्नागिरीच्या पोराने काय सांगावं? मासे खायचे नसतील त्याने खाऊ नयेत, माझी काही तक्रार नाही. माझ्या मेसमध्ये जैन मुलांसाठी कांदा, लसूण, बटाट्याशिवायची भाजी वेगळ्या कढईत होते, त्याचा डाव वेगळा असतो आणि त्यात चुकून दुसरा डाव गेला तर मी ती भाजी त्यांना वाढत नाही. ताटातलं 'नको' मी मुकाट ऐकते. पण दुसऱ्याच्या ताटात बघून काढलेलं 'नको' मला चालत नाही. आमच्या पंगतीत कोणी शेजाऱ्याच्या डब्याकडे बघून "ई" केलं तर त्याला मी उठवते. त्यावरून एक मेंबर सोडून गेला. जाऊ दे.

आता ज्या नकाराबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, तो. मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची ती परिषद. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या लोकांना पाण्याच्या हक्काबरोबर खाण्याबद्दलही सांगितलं. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. लोकांनी टाकलेले उष्टे-शिळे तुकडे घेणं सोडा. जरा विचार करा श्रोतेहो, हे कोणाला सांगितलं जात होतं? ज्यांना गावकीच्या कामाच्या बदल्यात दारोदार भाकरी मागून आणावी लागे, ज्यांच्या घरी त्या तुकड्यांवर संध्याकाळ निघे, त्यांना. भरल्या पोटी 'नको' म्हणायला काही लागत नाही. शेपू नको म्हणणाऱ्या माझ्या मेंबराला कोपऱ्यावर मिसळ मिळते. इथे नाही म्हटलं तर चूल पेटण्याचीच खात्री नव्हती. शिवाय गावाला ते 'नाही' आवडणार नव्हतं. ज्या गावांत मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, तिथे बहिष्कारही सोसावे लागले. तरीही घराघरांतून ते सोडलं गेलं. आपण आतापर्यंत जेवढे नकार बघितले त्यांत दुसऱ्याला खाली बघायला लावणारे बरेच होते. हा एक असा, की ज्याने नाही म्हणणारा माणूस ताठ उभा राहिला.

ही केवळ इतिहासातली गोष्ट नाही. माझ्याकडे पोळ्या लाटायला आणि भांडी घासायला ज्या मावशी येतात, त्यांतल्या एकीला सुरुवातीच्या दिवसांत मी रात्री उरलेली भाजी डब्यात भरून द्यायला लागले. चांगली भाजी होती, दुपारी केलेली. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, आमच्या घरात उरलेलं न्यायची पद्धत नाही. माझ्या आजेसासूपासून बंद आहे." रागावून नाही, सहज सांगितलं. जेवायचं का विचारलं तर म्हणाली, "जेवीन की. वाढलं तर."

तेव्हापासून आमच्याकडे कामाच्या बायका साडेअकराला जेवतात. पहिल्या घाण्याच्या पोळ्या त्यांच्या, आमटीवरचा कट त्यांचा. मेंबरांसाठी दार बाराला उघडतं. कोणी आधी येऊन बेल वाजवली तर आतून ओरडून सांगते, थांबा जरा, जेवणं चाललीयत.

नमस्कार.