झोपेतलं बीपी आणि किडनी

आपल्यापैकी चोवीस तासांचं बीपी कुणी मोजून घेतलंय? हात वर करा... दोघं. आणि बीपीची गोळी घेणारे? हं, अर्धं सभागृह!

दवाखान्यातला आकडा सकाळी अकराचा असतो. किडनीचा डॉक्टर म्हणून मला रात्री अडीचच्या आकड्यात जास्त रस आहे. तो मिळवायला कमरेला छोटं यंत्र आणि दंडाला पट्टा बांधून पेशंटला घरी पाठवतात. दर वीस-तीस मिनिटांनी पट्टा आवळतो, रात्रीसुद्धा. झोपमोड होते, बायकोचीही होते, पण एका रात्रीचाच प्रश्न असतो. किती वाजता आडवे झालात नि कधी उठलात, हे मात्र कागदावर लिहून आणायचं.

झोपेत बीपी साधारण 10 ते 20 टक्के उतरायला हवं. बीपीच्या वरच्या आकड्याची दिवसाची सरासरी 130 असेल, तर रात्रीची 104 ते 117च्या आसपास. काहींचं ते उतरतच नाही, काहींचं उलट चढतं. किडनीच्या पेशंटांमध्ये हे फार दिसतं. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रात्रीची सरासरी 120/70 किंवा त्यावर असेल तर ते वाढलेलं बीपी, दवाखान्यातला आकडा कितीही गोंडस असो.

आता किडनीचा यात संबंध काय? मीठ. खाल्लेलं मीठ बाहेर टाकायचं काम किडनीचं. ती थकली की दिवसभरात काम उरकत नाही, आणि उरलेलं मीठ ढकलायला रात्रीही दाब चढा ठेवावा लागतो. मिठाबरोबर पाणीही जातं, म्हणून रात्री लघवीला उठणं वाढतं. (पुरुषांनो, प्रोस्टेटमुळेही उठावं लागतं; लगेच घाबरू नका.)

दुसरी बाजूही आहे. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. निरोगी किडनी दाब वाढला की गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आवळून घेते. मधुमेहात हा बचाव ढिला पडतो, दाब थेट गाळणीवर येतो आणि प्रथिनं लघवीत गळू लागतात. स्पेनमध्ये टाइप 1 मधुमेह असलेल्या 75 किशोरवयीन व तरुण मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2002 साली निष्कर्ष आले: ज्यांच्या लघवीत पुढे अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, आलं, त्यांचं झोपेतलं बीपी त्याआधीच वाढलं होतं. म्हणून मधुमेह्यांना मी म्हणतो, किडनी किती काम करते याचा अंदाज देणाऱ्या रक्तातल्या नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. लघवीतलं अल्ब्युमिनही तपासा.

उपाय? जपानमधल्या डॉक्टरांनी 1997मध्ये दाखवलं, की ज्यांचं बीपी रात्री उतरत नव्हतं, त्यांचं मीठ कमी केल्यावर उतरू लागलं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचाही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. आणि सैंधवही मीठच! किडनीच्या पेशंटांनी 'लो सोडियम' मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नये. त्यात पोटॅशियम असतं, आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकणं जड जातं. मोठ्याने घोरत असाल, तर झोपेत श्वास अडकतो का, तेही बघून घ्या; त्यानेही रात्रीचं बीपी चढं राहतं.

चिठ्ठी आली आहे: 'मग गोळी रात्री घ्यावी का?' ब्रिटनमध्ये 21,104 लोकांवर हेच तपासलं, 2022मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू, कशातच सकाळ-संध्याकाळचा फरक पडला नाही. तेव्हा चहाबरोबर लक्षात राहत असेल तर सकाळीच घ्या. वेळ बदलायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणारी गोळी झोपताना घेतलीत, तर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या माराल आणि शिव्या मला घालाल.