प्रवाशाचं आयुष्य वाढतं का?

व्याख्यान संपल्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न आज सुरुवातीलाच घेतो. प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास केला, तर माणूस जास्त जगेल का? नाही. स्वतःच्या घड्याळानुसार तो एक क्षणही जास्त जगणार नाही. तरीही तो परत येईल तेव्हा घरी थांबलेला त्याचा जुळा भाऊ त्याच्यापेक्षा म्हातारा झालेला असेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

साधा हिशोब करू. तारा ४ प्रकाशवर्षं दूर, यानाचा वेग प्रकाशाच्या ८० टक्के. जायला ५ वर्षं, यायला ५. घरच्या भावाची १० वर्षं गेली, प्रवाशाची फक्त ६. त्याची नाडी, त्याची वाढणारी नखं, त्याच्या आठवणी, सगळ्यांनी सहाच वर्षं मोजली. या प्रवासात त्याने ६ वर्षांचंच अन्न खाल्लं, ६ वर्षांत वाचून होतील तेवढीच पुस्तकं वाचली. काही संथ झालंय असं त्याला कधीच वाटलं नाही, कारण ज्या मनाने ते जाणवायचं तेही त्याच काळात चालत होतं.

मग वेगाचा शरीरावर काही परिणाम होतो का? इथे मला म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याहून जड आणि अल्पायुषी कण फार आवडतो. म्युऑन म्हातारा होतच नाही. तो आधी कितीही वेळ टिकलेला असो, पुढच्या क्षणी त्याचं विघटन होण्याची शक्यता तेवढीच राहते. त्याच्यात झिजण्यासारखं काही नाही. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. तरी वातावरणात १५ किलोमीटर उंचीवर तयार झालेले म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात! फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी ते मोजले आणि १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन डोंगरावर, सुमारे १९०० मीटर उंचीवर, तासाला सरासरी ५६३. खाली समुद्रसपाटीजवळ ४०८. कालप्रसरण, म्हणजे वेगात असलेल्याचं घड्याळ आपल्याला संथ दिसणं, नसतं, तर खाली जवळपास २७च उरले असते. ज्याला म्हातारपणच नाही, त्याचंही घड्याळ आपल्याला संथ दिसतं. म्हणजे हे औषधासारखं पेशींवर काम करत नाही. काळच कमी लोटलेला असतो.

आता खरी अडचण. प्रवाशाच्या दृष्टीने पृथ्वीच दूर गेली आणि परत आली, मग घरचा भाऊ तरुण का नाही? कारण मध्ये वळला तो प्रवासी, पृथ्वी नाही. पण वळताना बसणाऱ्या हिसक्याने वय थांबतं असं समजू नका. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत म्युऑन गोल कड्यात फिरवले, तेव्हा त्यांचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १० चा १८ वा घात पट होतं. आयुष्य भरलं ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे २९ पट, आणि ते निव्वळ वेगावरून काढलेल्या आकड्याशी जुळलं. त्वरणाने वेगळी भर घातली नाही.

दोन गावांमध्ये दोन रस्ते असतील, तर दोन गाड्यांचे किलोमीटर वेगळे भरतात. त्याचा दोष आपण वळणाला देत नाही, रस्त्याच्या लांबीला देतो. भावांचंही तसंच आहे. निरोपापासून भेटीपर्यंत दोघे अवकाशकाळातल्या, म्हणजे जागा आणि वेळ एकत्र धरून बनणाऱ्या नकाशातल्या, वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि प्रत्येकाचं वय म्हणजे त्याच्या वाटेची लांबी. फरक इतकाच, की इथे सरळ वाट सर्वात लांब भरते.